जेवढं मे महिन्यात उन्हाला घालता येईल, तेवढंच घरात

कमी वस्तूंत राहायच्या सल्ल्यांबरोबर जे फोटो येतात, त्यांतली घरं कोरड्या हवेतली असतात. पांढरी भिंत, एक टेबल, कोपऱ्यात कुंडी. आमच्याकडे पांढरी भिंत जुलैअखेर खालून हिरवी व्हायला लागते आणि टेबलाच्या पायांना बुरशी धरते. त्यामुळे कोकणातल्या घरात काय ठेवायचं नि काय काढायचं हे ठरवताना, वस्तू बघून मनाला काय वाटतं हा प्रश्न नंतरचा. हवा तिचं काय करणार, हा पहिला.

किनारपट्टीवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऐन पावसात हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. बुरशीला ७० टक्के पुरतात. त्यात खारं वारं: समुद्राजवळच्या घरांत बिजागऱ्या, खिळे, फ्रिजचा तळ, पंख्याची जाळी सगळं गंजतं. खालून वाळवी. म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू दर पावसाळ्यात आपल्याकडून काहीतरी मागत असते. पुसणं, वाळवणं, तेलाचा हात फिरवणं, निदान उचलून खाली बघणं. जिला हे मिळत नाही ती दोन-तीन पावसाळ्यांत कचरा होते. माळ्यावर चढेपर्यंत आपल्याला ते कळत नाही, एवढंच.

म्हणून मी एकच माप धरते. एप्रिल-मेमध्ये खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आणि पडवीत मिळून जेवढं सामान घरातली माणसं स्वतः बाहेर काढून, ऊन दाखवून, परत आत ठेवू शकतात, तेवढंच घरात असावं. घरात दोनच माणसं आणि दोघंही साठीच्या पुढची असतील, तर माप आणखी लहान. पुढचं सगळं या मापाभोवती आहे.

आधी येणारं थांबवा

गावच्या घरातला निम्मा पसारा गावात झालेलाच नसतो. मुंबईत सोफा बदलला की जुना गावाला. दोन दारांचा फ्रिज आला की एका दाराचा गावाला. पोरांची सायकल, हललेलं कपाट, न लागणारा टीव्ही, जुन्या पडद्यांचं गाठोडं, सगळं टेम्पोत घालून गावाला. "गावचा घर मोठा आसा, रवात थंय." घर मोठं असतं हे खरं. त्यातली झाडलोट करणारी माणसं मात्र एक किंवा दोन उरलेली असतात, हे टेम्पो भरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शहरात शंभर चौरस फुटांची किंमत कळते म्हणून वस्तू बाहेर पडते, आणि गावात जागा फुकट वाटते म्हणून ती आत येते.

हे थांबवल्याशिवाय बाकी काही करू नका, व्यर्थ जाईल. दिराला, जावेला, भावाला एकदा स्पष्ट सांगायचं, तेही वस्तू निघण्याआधी. "भावजी, सोफा पाठवू नका. कापूस-फोम इथे पावसात कुजतो आणि उंदीर घर करतात. मे महिन्यात याल तेव्हा बसायला बाकडी आहेत." कारण सांगितलं की राग कमी येतो. त्याच दमात काय हवंय तेही सांगावं: चांगली विजेरी, एक मजबूत छत्री, औषधं. पाठवणाऱ्याला काहीतरी पाठवायचंच असतं. त्याला योग्य वाट करून दिली की सोफा येत नाही.

दुसरी वाट सणावारांची. हळदीकुंकवाचं वाण म्हणून आलेल्या प्लास्टिकच्या वाट्या, चाळण्या, साबणदाण्या कुठल्याही घरात डझनाने निघतील. आपल्या घरचं वाण बदलणं आपल्या हातात असतं. आमसुलं, कुळथाचं पीठ, घरच्या मिरगुंडांची पुडी, पडवळ-दोडक्याचं बी असं काही दिलं की घेणारीच्या घरात ते संपतं किंवा उगवतं. लग्नपत्रिकेवर "आहेर आणू नये" छापण्याची रीत आता सगळीकडे आहे. ती बारशाला आणि वास्तुशांतीलाही लावावी.

कधी आणि कुठून

शनिवार-रविवारात घर रिकामं करायची कल्पना इथे चालत नाही. ऋतूला धरून काम वाटून घ्यावं लागतं. दिवाळी झाल्यावर हवा कोरडी होते, तेव्हा कागद, पुस्तकं, कपडे. शिमग्याच्या आधी स्वयंपाकघर. एप्रिल-मेमध्ये माळा आणि अंथरुणं. पावसात काही काढायला घेऊ नये, कारण बाहेर पसरता येत नाही आणि ओलं सामान कोणी नेतही नाही. गणपतीच्या तोंडावर तर अजिबात नको. त्या आठवड्यात हाताला लागेल ते उचलून माळ्यावर टाकलं जातं. माळे भरतात ते असेच.

सुरुवात मागच्या पडवीतून करा. तिथल्या कुठल्याच वस्तूशी कोणाची आठवण जोडलेली नसते. दगड झालेली सिमेंटची अर्धी गोण, सुकलेल्या रंगाचे डबे, पाइपचे तुकडे, तळ गेलेल्या बादल्या, पुढच्या वर्षी लागतील म्हणून ठेवलेले आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके. बाग असेल तर खोके हवेतच, पण ते फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे. जमिनीला टेकलेला पुठ्ठा म्हणजे वाळवीला दिलेलं आमंत्रण. बाग नसेल तर एकही खोका नको.

खळ्यात चार ढीग करा. राहणारं, कोणालातरी देण्यासारखं, भंगार, आणि चौथा विचारायचं. हा चौथा ढीग कोकणात फार महत्त्वाचा. घर बहुधा सामायिक असतं आणि वस्तू कोणाची यावर दोन पिढ्या अबोला धरल्याची उदाहरणं प्रत्येक वाडीत आहेत. त्याबद्दल माळ्याच्या भागात.

"बघू नंतर" असा पाचवा ढीग करायचा नाही. खरोखर ठरत नसेल तर ती वस्तू एका पेटीत घालून वर तारीख लिहावी आणि पेटी ओटीवर, येताजाता पायात येईल अशी ठेवावी. सहा महिने हात लावला नाही तर वस्तू काढा, असा एक नियम सगळे सांगतात. तो इथे लागू करू नका. मोदकपात्र, पंचखाद्याचा मोठा डबा, पालखी घरी येते तेव्हाचं तबक, इरलं ही सगळी वर्षातून एकदाच लागतात आणि त्या दिवशी लागतातच. पेटीवरून एक पावसाळा, एक गणपती आणि एक शिमगा जाऊ द्या. तिन्हींत उघडली नाही तर आत काय आहे ते न बघता देऊन टाकायला हरकत नाही.

स्वयंपाकघर

इथे वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

आधी बेगमी आणि पसारा वेगळे करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, परड्यात भाजी नसते, दरड आली की रस्ता बंद. तेव्हा सुका बांगडा, जवळा, आमसुलं, कुळीथ, तांदूळ, वर्षाचा मसाला, खारातल्या कैऱ्या, वळचणीखाली रचलेलं सरपण हे सगळं घरात हवंच. कमी वस्तूंच्या नादाने बेगमी कमी करणारा माणूस जुलैत शेजारच्या दारात उभा असतो. बेगमीचा गुण हा, की ती दसऱ्यापर्यंत संपते.

तिच्यावरूनच बरण्या-डब्यांची परीक्षा घेता येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, बेगमी भरून झाल्यावर, फडताळासमोर उभं राहायचं. जी बरणी, जो डबा त्या दिवशीही रिकामा आहे तो जास्तीचा. कारण यापेक्षा जास्त भरायची वेळ वर्षात येतच नाही. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे डबे या परीक्षेत बहुतेक गळतात. झाकण हरवलेला डबा आणि डबा हरवलेलं झाकण यांना परीक्षेलाही बसवू नका.

मग भांडी. चारजणांच्या घराला रोज काय लागतं? जाड बुडाचे दोन-तीन टोप, एक कढई, कुकर, परात, भाकरीचा तवा, घावण्यांचा बिडाचा तवा, खवणी असलेली विळी, पाटा-वरवंटा किंवा मिक्सर, सोऱ्या, चार चमचे-पळ्या. याच्या पुढचं बरंचसं पाहुण्यांसाठी असतं. बिडाचा तवा रोज वापरात असेल तर गंजत नाही. तीन तवे असतील तर दोन गंजतात. पावसाळ्यात ठेवायचा झाला तर धुऊन, चुलीवर पूर्ण तापवून, खोबरेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळायचा.

पितळ-तांब्याचं काय करायचं हा प्रत्येक जुन्या घरातला प्रश्न. माझं मत सरळ आहे: जेवढ्याला कल्हई करून घेणार असाल तेवढंच ठेवा. कल्हई म्हणजे तापवलेल्या भांड्याला आतून नवसागर आणि कथील फिरवून दिलेला थर. तो गेला की आमसूल, ताक, चिंच असं आंबट काही आत कळकतं आणि पोटाला बाधतं. पूर्वी कल्हईवाला वाडीवर येऊन बसायचा, आता शोधत तालुक्याला जावं लागतं. दहा पातेली नेऊन आणणं होत नाही, तीन होतात. उरलेल्यांपैकी नाव कोरलेलं एखादं, आजीच्या लग्नातलं असेल तर ते राहू दे. पाणी तापवायचा बंब चालू असेल तर तोही. घंगाळात झाडं लावून ओटी सजवणं छान दिसतं, मात्र ते घासायला चिंच आणि मनगट दोन्ही लागतं, हा हिशेब आधी करा.

मोडीत घालताना तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड घरीच वेगळं करा आणि आपल्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. एकत्र ढीग दिला की सगळ्याला लोखंडाचा नाही तरी त्याच्या आसपासचा भाव लागतो.

राहिला गणपती. पाच दिवस घरात पंचवीस माणसं आणि उरलेले ३६० दिवस दोन किंवा चार. त्या पाच दिवसांसाठी चाळीस ताटं, चाळीस वाट्या, मोठे टोप वर्षभर सांभाळायचे का? बहुतेक वाड्यांत मंडळाची किंवा देवळाची सामायिक भांडी असतात. कार्याला नाममात्र भाडं देऊन नेतात आणि घासून परत करतात. तुमच्या वाडीत नसतील तर पाच घरांनी मिळून एक संच करा आणि कोणाच्या गणपतीत कोणत्या दिवशी जेवण हे ठरवून घ्या. जेवायला केळीचं पान. ते परड्यातलं, आणि जेवण झाल्यावर गुरापुढे. आमच्याकडची सजावटही मूळची अशीच होती. गणपतीवरच्या माटवीला हरणं, कांगणी, कवंडाळ, नारळ, काकड्या, सुपारीचं कातर बांधायची आणि विसर्जनानंतर ती उतरायची. थर्माकोलची मखरं आली तेव्हा ती ठेवायला माळा लागायला लागला. पुन्हा माटवीकडे वळणं हा माळा रिकामा करायचा सगळ्यात आनंदाचा मार्ग आहे.

अंथरुणं आणि कपडे

चाकरमान्यांसाठी रचून ठेवलेल्या कापसाच्या गाद्या ही गावच्या घरातली सगळ्यात जास्त जागा खाणारी गोष्ट. सप्टेंबरात काढाव्या तर कुबट वास, आणि दोन पोरं शिंकायला लागतात. गादीला वर्षात निदान दोनदा कडक ऊन आणि दोन्ही बाजूंनी काठीचा मार लागतो. घरात जी माणसं कायम राहतात त्यांच्या गाद्या ठेवा, वर दोन. बाकीच्यांना चटई, त्यावर सतरंजी, त्यावर गोधडी. या तिन्ही दोरीवर एका उन्हात वाळतात आणि एका कपाटात मावतात. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांना त्या दोन गाद्या. जुनी गादी फुकट देतो म्हटलं तरी सहसा कोणी नेत नाही. कापूस बरा असेल तर पिंजून उशा करून घ्या.

कपड्यांत साड्या सोडून बाकीचं लवकर होतं. उन्हाळ्यात सुती, पावसात लवकर वाळणारं, कार्याला दोन-तीन. पावसाळ्यात मात्र कपड्यांची संख्या फार कमी ठेवू नका. पाच दिवस वाळत नाहीत तेव्हा सहावा जोड लागतो. सहाच कपड्यांत राहणाऱ्या लोकांच्या गोष्टी वाचताना त्यांच्याकडे ऑगस्ट कसा असतो ते बघावं.

रेशमी साड्या थेट उन्हात घालू नयेत, रंग उडतो. सावलीत, वाऱ्यावर, घडी उलटी करून. घाम लागलेली साडी तशीच ठेवली तर बुरशी तिथूनच सुरू होते. लोखंडी ट्रंकेत आतून सुती कापड अंथरून, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड घालून ठेवता येतात. डांबरगोळ्या वापरायच्याच तर कापडात बांधून, जरीला टेकणार नाहीत अशा. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत त्या मुळीच नकोत, काही बाळांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होतो. ज्या साड्या पुन्हा नेसणं होणार नाही त्यांतल्या सुतीच्या गोधड्या शिवून घ्या. रेशमी असतील तर सुना-भाच्यांना आता, आपण हौसेने द्यायच्या वयात द्या.

कागद

इथे मात्र हात आखडता. कोकणातल्या जमिनीचे वाद कागदाच्या एका तुकड्यावर सुटतात किंवा पन्नास वर्षं लोंबकळतात. सातबारा, आठ-अ यांचे चालू उतारे ऑनलाइन मिळतात, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि सरकारी कामाला चालतो. म्हणून तलाठ्याकडून वेळोवेळी आणलेल्या एकाच उताऱ्याच्या सात-आठ प्रती ठेवायचं कारण उरलेलं नाही. पण जुने हाताने लिहिलेले फेरफार, खरेदीखतं, वाटणीपत्रं, खोताच्या पावत्या, मोडी लिपीतले कागद यांतलं काहीही टाकू नका. वाचता येत नाही हे टाकायचं कारण नव्हे. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. असे कागद लॅमिनेट करू नयेत, आतला ओलावा आतच राहतो आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. प्रत्येकाचा फोटो काढून भावंडांत वाटावा. मूळ कागद सुती कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. डबा ओटीच्या उंचीवर, जमिनीवर कधीच नाही.

घरपट्टीच्या पावत्या, जन्म-मृत्यूचे दाखले, विम्याचे चालू कागद राहतील. बाकी जुनी वीजबिलं, हमी संपलेल्या वस्तूंची पुस्तकं, बँकेची जाहिरातवजा पत्रं, निमंत्रणपत्रिका बंबात.

पुस्तकांना कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. परत वाचाल ती एका उघड्या कपाटात ठेवा. बंद काचेच्या कपाटात हवा कोंडते. बाकीची गावच्या वाचनालयाला द्या, पण आधी विचारून. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. म्हणून मुलांची जुनी गाईडं आणि भिजलेले दिवाळी अंक त्यांच्या दारात उतरवून यावं असं नाही.

माळा

माळ्याचा मुहूर्त ठरलेला आहे: कौलं परतायचा दिवस. त्या दिवशी वरून उजेड येतो, माणसं हाताशी असतात आणि धूळ पडते म्हणून वरचं सामान खाली काढावंच लागतं. लोक ते काढतात आणि संध्याकाळी जसंच्या तसं वर चढवतात. तेवढं करायचं नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातला एक दिवस ठरवा आणि सकाळी सात ते दहा एवढंच काम करा, नंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. तोंडाला कापड, हातात मोजे. आधी काठीने आपटून आवाज करायचा. माळ्यावर साप निघणं यात नवल काही नाही.

खाली काय येतं ते सांगायला नको. पाळणा, मोडका रहाट, उंदरांनी खाल्लेल्या डाली, रोवळ्या, फुटलेले हारे, कंदिलाच्या काचा, जाळ्यांचे गोळे, दारं नसलेल्या चौकटी, चौकट नसलेली दारं. लाकूड सागाचं किंवा फणसाचं असेल आणि पोखरलेलं नसेल तर त्याला सुतार गिऱ्हाईक आहे. पोखरलेलं सरपणात. रंग किंवा पॉलिश असलेलं लाकूड मात्र चुलीत घालू नये.

आता भावकी. एकट्याने निर्णय घेऊ नका, आणि एकट्याने सांभाळतही बसू नका. वस्तूंना खडूने आकडे घाला, उजेडात फोटो काढा, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि एक तारीख द्या. "ज्याला जी वस्तू हवी त्याने आकडा लिहावा आणि मे अखेरपर्यंत घेऊन जावी. उरलेली मोडीत जाईल, पैसे घराच्या डागडुजीला." दोन गोष्टी नक्की होतात. एक, ज्या पाळण्यासाठी तिघे भांडतील असं वाटत होतं त्याला कोणीच आकडा लावत नाही. दुसरं, कोणीतरी लिहितो, "ठेव गो थंयच, कधीतरी लागात." त्याला उत्तर एकच: लागेल त्याने न्यावी. हवी आहे पण नेणार नाही, हा पर्याय ठेवू नका. मोडीची पावती आणि रक्कम त्याच ग्रुपवर टाका, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

जातं, जुनी मापं, नांगर अशा शेतीघरातल्या वस्तू चांगल्या स्थितीत असतील तर संग्रहालयांना विचारता येतं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने कोकणातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं आहे. फोटो आणि वस्तूची माहिती आधी पाठवावी.

रिकामा झालेला माळा रिकामाच ठेवायचा, तिथे शोभेचं काही करायला जाऊ नका. वारा खेळला की वासे टिकतात, गळती कुठे होते ते खालून दिसतं.

देव आणि यंत्रं

देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती यांना हात लावायचा नाही, तो घरच्या मोठ्यांचा आणि कुळाचाराचा प्रश्न. पसारा असतो तो फोटोंचा: कॅलेंडरवरचे, भेट मिळालेले, काच फुटलेले. चौकट आणि काच वेगळी काढून कागद तुळशीच्या किंवा झाडाच्या मुळाशी पुरतात. काचेसकट व्हाळात (ओढ्यात) सोडू नयेत, खाली पोरं पोहतात. आजी-आजोबांच्या फोटोंतला एकेक चांगला ओटीवर, बाकीचे स्कॅन करून सगळ्यांना.

बंद पडलेली यंत्रं खाऱ्या हवेत दुरुस्त होऊन फारशी टिकत नाहीत. मिक्सर दोनदा उघडला असेल तर तिसऱ्यांदा नको. जुने मोबाइल, बॅटऱ्या, इन्व्हर्टर हे भंगारात किंवा परड्यातल्या खड्ड्यात टाकू नका. फुगलेली मोबाइलची बॅटरी तर घरातही ठेवू नये. ई-कचरा गोळा करणारे नोंदणीकृत लोक शहरात असतात. गावच्या चार घरांचं एकत्र करून पाठवता येतं. प्लास्टिक जाळायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी दर संध्याकाळी कुठल्यातरी परड्यातून तो धूर येतोच.

जे कमी करू नये

सुंभ आणि नायलॉनचा दोर, कोयता, कुदळ, टिकाव, ताडपत्री, दोन कंदील, विजेऱ्या, पाणी साठवायची पिंपं, पहिल्या उपचाराचा डबा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा किती गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि ज्यांच्याकडे ताडपत्री व दोर होता त्यांची घरं आधी झाकली गेली. अशा वस्तू नीटनेटकेपणासाठी देऊन टाकणं हा शहरी शौक आहे.

नदीकाठच्या घरांना एक जास्तीचं काम. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं सामान वर न्यायला लोकांना फार थोडा वेळ मिळाला. तुमच्या खालच्या खोल्यांतलं सामान दोन माणसं अर्ध्या तासात वर नेऊ शकतात का, हे मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष करून बघा. नेता येत नाही ते वर हलवा किंवा काढा. कागदांचा डबा, औषधं, चार्जर, थोडे रोख पैसे आणि एक जोड कपडे अशी एक पिशवी खुंटीला.

आणि ज्यांच्या घरात मुळातच चार भांडी आहेत, त्यांना हे वाचून दाखवू नये. देण्याच्या ढिगातलं त्यांना देताना धुतलेलं, चालणारं आणि आपण स्वतः वापरलं असतं असंच द्यावं. फाटकं देऊन पुण्य घेणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

घर बंद करून जाणार असाल तर

पावसाळ्यात मुंबईला परतणाऱ्यांसाठी ही शेवटची पायरी. कपाटांची दारं आतून थोडी उघडी ठेवा, पूर्ण बंद कपाटात बुरशी आधी येते. गाद्या भिंतीला न टेकवता, टेबलावर किंवा खाटेवर उभ्या करा. फ्रिज रिकामा, कोरडा, वायर काढलेली, दार फटीत कापड अडकवून उघडं. मिक्सर, टीव्ही यांच्या पिना काढा, विजा चमकतात तेव्हा उपयोग होतो. तांदूळ, पीठ, मसाला काही मागे ठेवू नका, शेजारी द्या. चामड्याची चप्पल, पट्टा, पाकीट सोबत न्या. जमिनीवर काहीच नको, खाटेखालीही नाही, म्हणजे वाळवीची मातीची रेघ कोणी डोकावलं तरी दिसते.

किल्ली शेजारच्या काकींकडे ठेवा आणि एवढंच सांगा: श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली की खिडक्या दोन तास उघडायच्या आणि संध्याकाळी लावायच्या. सामान कमी असेल तर त्या हो म्हणतात. खोली वस्तूंनी भरलेली असेल तर काही हरवल्याचा आळ नको म्हणून कोणी आत पाऊल टाकत नाही. गणपतीला याल तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी आणा. खाण्याचं आणा, शोभेचं नको.